स्क्रोल सॉवर लाकडाचं रंगीत भित्तिचित्र : रंग आधी की कापणं आधी?

निळापंख | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतंच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. स्क्रोल सॉ (बारीक पातं वरखाली चालवून नक्षी कापणारं करवतीचं मशीन) घेऊन आठ महिने झाले. आधी नावाच्या पाट्या, कोडी, छोटी खेळणी असं करत करत हात बसला आणि मग मोठं काहीतरी करावंसं वाटलं. भिंतीवर लावायला खंड्या पक्षी. ६ मिमी बर्च प्लाय, रुंदी साधारण ४५ सेमी, एकूण ४२ तुकडे. चित्र मीच काढलं, कागद चिकटवला, दोन रविवार बसून कापलं. कापून झाल्यावर सगळे तुकडे टेबलावर जुळवून पाहिले तेव्हा इतका आनंद झाला की घरात सगळ्यांना ओढत आणून दाखवलं.

मग एकेक तुकडा उचलून अॅक्रिलिक रंगाचे दोन दोन हात दिले, कडांनाही दिले. वाळल्यावर परत जुळवायला गेले तर बसेचना! पंखाचे काही तुकडे वरच राहतात, दाबले तर शेजारचा उचलतो. जोर लावला तेव्हा एका पिसाच्या टोकाची ढलपी उडाली. आणि जे बसले तेही बघवत नाहीयेत. निळा रंग इतका सपाट आलाय की हे लाकूड आहे हे सांगावं लागतं, प्लॅस्टिकचं खेळणं वाटतंय. शिवाय वळणावर कडा काळ्या झाल्यात.

माझे प्रश्न: (१) रंग आधी द्यायचा आणि मग कापायचं, की कापून मग रंगवायचं? (२) लाकूड दिसेल असा रंग कसा देता? (३) वळणावर जळतं त्याचं काय? मला हा खंड्या नीट करायचाच आहे.

लाकूडतोड्या | सोमवार, रात्री ११:०५

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लाकडाला रंग देऊच नये. निसर्गाने इतके रंग दिलेत की डबा उघडायची गरजच पडत नाही. पिवळ्यासाठी हळदू, गडद तपकिरीला अक्रोड किंवा शिसव, नारिंगी-लाल पाहिजे तर पडौक, जांभळ्यासाठी पर्पलहार्ट. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे कापून, गोल घासून, शेजारी शेजारी बसवायचे, यालाच इंटार्सिया म्हणतात. त्याच्यावर हात फिरवला की कळतं आपण काय केलंय. रंगवलेल्या प्लायवर ते सुख नाही.

रंगछटा | सोमवार, रात्री ११:३१

लाकूडतोड्या, निळं लाकूड कुठून आणणार? :) खंड्या आहे तो!

लाकूडतोड्या | सोमवार, रात्री ११:३८

हा मुद्दा मान्य. निळ्याला माझ्याकडे उत्तर नाही.

नवखा७ | मंगळवार, सकाळी ७:१२

वाचतोय. मी अजून मशीन घेतलेलं नाही, पण हा धागा वाचून हात शिवशिवायला लागलेत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

करकर | मंगळवार, सकाळी ९:५०

निळापंख, आधी अभिनंदन. आठ महिन्यांत स्वतःच्या चित्राचे ४२ तुकडे एका फळीतून काढणं हे लहान काम नाही. मी हे बारा वर्षं करतोय, तेव्हा तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे.

वळणावर जळतं कारण तिथे पातं एका जागी जास्त वेळ घासतं. तीन गोष्टी करा. कागदाच्या वरून पारदर्शक पॅकिंगची चिकटपट्टी लावा, तिच्यामुळे पातं गरम कमी होतं आणि जळणं एकदम कमी येतं, विशेषतः घट्ट लाकडात. दुसरं, पातं बदला. नवे लोक पातं तुटेपर्यंत वापरतात. पातं तुटण्याच्या खूप आधी मेलेलं असतं. ढकलायला जोर लागायला लागला, रेघ सोडून बाजूला पळायला लागलं की काढून टाका. ४२ तुकड्यांना मी तरी पाच-सहा पाती धरीन. तिसरं म्हणजे वळणाच्या टोकाला लाकूड पुढे ढकलायचं नाही. थांबायचं, पात्याच्या पाठीवर किंचित टेकवायचं, जागच्या जागी फिरवायचं आणि मग पुढे.

पातं कुठलं वापरता तेही सांगा. ६ मिमीला मी ३ किंवा ५ नंबर घेतो, उलट्या दातांचं. म्हणजे खालच्या शेवटच्या काही दातांचं तोंड वर असतं, त्यामुळे फळीच्या खालच्या बाजूला कुसळं निघत नाहीत. ३ मिमीला १ नंबर, नाहीतर त्याहून बारीक.

निळापंख | मंगळवार, सकाळी १०:२०

काका, पातं ५ नंबरचं आहे पण उलट्या दातांचं नाही. आणि हो, अख्खा पक्षी दोनच पात्यांत कापलाय :( पॅकिंगची पट्टी हे माहीतच नव्हतं, मी साध्या कागदी चिकटपट्टीवर नकाशा (चित्राचा कागद) डकवते.

करकर | मंगळवार, सकाळी १०:३४

कागदी पट्टी खाली असू दे, ती चांगलीच. नंतर नकाशा सोलून निघतो, लाकडावर गोंद राहत नाही. तिच्यावर नकाशा, नकाशावर पॅकिंगची पट्टी.

रंगछटा | मंगळवार, दुपारी २:१५

मी जलरंगवाली, लाकडाकडे उशिरा वळले, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

ताई, तुमचा रंग वाईट नाही, जाड आहे. अॅक्रिलिकचे दोन घट्ट हात म्हणजे लाकडावर पडदाच. तोच रंग पाण्यात इतका पातळ करा की ब्रशमधून दुधासारखा ओघळेल, आणि तसे तीन-चार हात द्या. मध्ये मध्ये कापडाने टिपून घ्यायचं. लाकडाच्या रेघा त्यातून वर येतात, काही जागी रंग जास्त पितात काही जागी कमी. तो असमानपणा घालवायला जाऊ नका, सगळी गंमत तिथेच आहे. पाण्यात विरघळणारे लाकडाचे रंग मिळतात, तेही छान पारदर्शक येतात.

एक काळजी घ्यायची. पाण्याने लाकडाची लव उभी राहते, हात फिरवला की खरखरीत लागतं. म्हणून रंगाच्या आधीच ओल्या फडक्याने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं आणि मग रंग. लव एकदा उभी राहून कापली गेली की दुसऱ्यांदा फार त्रास देत नाही. आणि गोंदाचा एक थेंब जरी पृष्ठभागावर वाळला असेल तरी तिथे रंग शिरत नाही, फिकट डाग राहतो. म्हणून गोंद सगळ्यात शेवटी.

आता खंड्याबद्दल. हे मला फार आवडतं म्हणून लिहितेच. खंड्याच्या पिसात निळा रंगच नसतो! पोटाकडचा नारिंगी खरा रंग आहे, म्हणजे रंगद्रव्य आहे. निळा मात्र पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो त्यामुळे दिसतो. म्हणूनच तो उडाला की क्षणात निळा, क्षणात हिरवट. एका डब्यातला एक निळा सगळ्या पंखाला लावला तर तो कधीच जिवंत वाटणार नाही. मी असते तर आधी सगळ्या पंखाला हिरवट निळ्याचा पातळ हात दिला असता, वाळल्यावर काही पिसांवरच गडद निळा आणि पाठीवरच्या पट्ट्याला सगळ्यात फिकट झगझगीत.

कातरवेळ | मंगळवार, दुपारी ३:०१

रंगछटा, काय सुंदर लिहिलंयस! निळा रंगच नसतो हे वाचून खिडकीबाहेर बघत बसले थोडा वेळ.

अर्धाइंच | मंगळवार, रात्री ९:२८

सगळे जाड रंगाला दोष देताहेत. मला तो एकटा गुन्हेगार वाटत नाही. हिशोब मांडतो.

५ नंबरच्या पात्याची जाडी साधारण ०.४ मिमी. म्हणजे प्रत्येक सांध्यात जवळपास तेवढी फट पडते. रंगाचा एक हात वाळल्यावर ०.०५ मिमी धरू. दोन हात म्हणजे एका कडेला ०.१, आणि सांध्याला दोन कडा, म्हणून ०.२. फट ०.४, रंग ०.२. बसायला हवं. सैल नाही पण बसायला हवं.

तेव्हा निळापंख, एक सांगा. रंग देण्याआधी तुकडे वरून आणि खालून दोन्हीकडून सहज निघत होते, की काही फक्त एकाच बाजूने निघत होते?

निळापंख | मंगळवार, रात्री ९:५१

अरे!! फक्त एकाच बाजूने. मला वाटलं असंच असतं. पंखाचे बरेचसे तुकडे खालून ढकलले की वर येत होते पण वरून दाबले तर खाली जात नव्हते, आणि शेपटीचे बरोबर उलटे.

अर्धाइंच | मंगळवार, रात्री १०:१०

मग सापडलं. तुमच्या मशीनचं टेबल पात्याला काटकोनात नाही. तुकडे बाटलीच्या बुचासारखे झालेत, एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळते. टेबल फक्त ३ अंश कललेलं असलं तरी ६ मिमी जाडीत कड ०.३ मिमी सरकते. ०.४ च्या फटीतले ०.३ तिथेच गेले, हातात राहिले ०.१. कोरे असताना तुकडे बसले कारण ०.१ पुरेसे होते. रंगाचे ०.२ आले आणि दार बंद झालं.

मशीनवरच्या अंशांच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, ती पट्टी अंदाजापुरती. असं तपासा: साधारण ४० मिमी जाडीचा लाकडाचा ठोकळा घ्या. त्यात समोरून फक्त २-३ मिमी खोल खाच कापा. मशीन बंद करा. ठोकळा टेबलावरच ठेवून पात्याच्या मागे न्या, अर्धा फिरवा आणि तीच खाच पात्याच्या पाठीवर सरकवा. पातं खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद गेलं तर काटकोन आहे. वर किंवा खाली अडलं तर टेबल तिरकं आहे. ठोकळा फिरवल्यामुळे चूक दुप्पट दिसते म्हणून हा प्रकार गुण्याहून (काटकोन तपासायच्या साधनाहून) बरा. टेबल हलवा, नवी खाच, परत बघा. तीन-चार फेऱ्यांत जमतं.

करकर | मंगळवार, रात्री १०:२२

शाब्बास अर्धाइंच. मला सकाळीच सुचायला हवं होतं. फक्त एक भर घालतो: ही परीक्षा पातं नीट ताणून करा. ढिलं पातं जाड लाकडात पोटाकडे फुगतं आणि टेबल सरळ असूनही कड तिरकी येते. बोटाने छेडलं की तारेसारखा स्वच्छ टण् आवाज आला पाहिजे. थप् असा मेलेला आवाज आला तर अजून ताणा.

नवखा७ | बुधवार, सकाळी ८:०३

बापरे, गुप्तहेरकथा वाचल्यासारखं वाटलं. पुढे?

लाकूडतोड्या | बुधवार, सकाळी ८:४०

निळ्याला उत्तर नाही म्हणालो होतो, पण रात्रभर डोक्यात घोळत होतं. रंगछटांचं ते पिसाचं वाचलं आणि एक सुचलं.

प्लायच्या एकाच फळीतून सगळा पक्षी कापला की सगळ्या तुकड्यांच्या रेघा एकाच दिशेने जातात. मान, पंख, शेपटी, सगळीकडे आडव्या. माझ्या कामात मी हे कधीच करत नाही. प्रत्येक पिसाच्या नकाशावर मी आधी बाण काढतो, रेघ कुठून कुठे वाहिली पाहिजे त्याचा. मग नकाशाचे तुकडे सुटे कापून, फळीवर फिरवून फिरवून त्या बाणाप्रमाणे चिकटवतो. अशा पिसांना एकच पातळ रंग दिला तरी वेगवेगळं दिसेल, कारण प्रकाश रेघेच्या दिशेप्रमाणे परततो. दारातून आत येताना एक पीस गडद, दोन पावलं पुढे आलात की तेच उजळ. खंड्याला हेच पाहिजे ना?

मी रंग लावत नाही, लावणारही नाही. पण कोणी लावणारच असेल तर असा लावावा.

रंगछटा | बुधवार, सकाळी ९:१५

दादा, हे तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. पारदर्शक रंग आणि वळवलेल्या रेघा, बस्स. रंग जाड असेल तर मात्र यातलं काही दिसणार नाही.

अर्धाइंच | बुधवार, सकाळी ९:४४

यात एक अडचण आहे. नकाशा सुटा केला की दोन शेजारी तुकड्यांची कड एका कापात होत नाही, दोनदा कापावी लागते. दोन्हीकडे नकाशाची रेघ तंतोतंत पाळावी लागेल, नाहीतर फटी.

लाकूडतोड्या | बुधवार, सकाळी १०:०२

खरंय, आणि म्हणून शिकायला वेळ लागतो. मी रेघेच्या जरा बाहेरून कापतो आणि मग शेजारच्या तुकड्याला लावून लावून घासतो. मध्ये कार्बन पेपर धरला की जिथे टेकतं तिथे काळं उमटतं, तेवढंच घासायचं. एकेका सांध्याला दहा मिनिटं जातात. कडा वरून गोलसर घासलेल्या असतील तर बारीक फट दिसतही नाही.

शांतमाजघर | बुधवार, दुपारी १२:३०

मधेच विचारते, भुशाचं काय करता तुम्ही लोक? मी राहत्या खोलीतच काम करते. आवाजाचं फार नाही, पण बारीक धूळ सगळीकडे बसते.

करकर | बुधवार, दुपारी १:१०

मधेच नाही, हे पहिलं विचारायला हवं. स्क्रोल सॉचा भुसा फार बारीक असतो आणि मशीनची ती फुंकणी आहे ना, ती रेघेवरचा भुसा थेट आपल्या तोंडाकडे उडवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकली आहे. एन-९५ मास्क लावाच, कापताना आणि घासताना दोन्ही वेळा. घासताना तर जास्तच. टेबलाखाली व्हॅक्यूमची नळी लावा. एमडीएफ कापणार असाल तर उघड्यावर कापा, त्याच्या चिकट्यात फॉर्माल्डिहाइड असतं. आणि पर्पलहार्ट, पडौक, साग यांच्या धुळीने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

डोळ्यांना चष्मा. पातं तुटतं तेव्हा वरचा तुकडा काही क्षण तसाच वरखाली होत असतो, बोट लगेच पुढे नेऊ नका.

रंगछटा | बुधवार, दुपारी १:३२

याला जोडून: जवस तेल किंवा तेलाचं फिनिश लावलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि खरंच पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शांतमाजघर | बुधवार, दुपारी १:४०

हे मला अजिबात माहीत नव्हतं. आत्ताच्या आत्ता बादलीतल्या चिंध्या बाहेर पसरल्या. खूप आभार.

कातरवेळ | बुधवार, रात्री ८:५५

पहिल्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, रंग आधी की कापणं आधी. दोन्ही चालतं, फक्त त्यातून वेगवेगळी चित्रं होतात.

मी रंग आधी देते कारण मी थप्पी कापते. ३ मिमीच्या तीन फळ्या, एक निळी, एक नारिंगी, एक पांढरी. रंग पूर्ण वाळवून एकावर एक ठेवायच्या, कडेने चिकटपट्टीने गच्च बांधायच्या आणि एकदम कापायच्या. कापून झालं की तुकडे अदलाबदल करायचे. निळ्या फळीतलं पोट काढून तिथे नारिंगी बसवायचं, नारिंगीच्या जागी पांढरं. एका कापात तीन पक्षी, तिन्हींचे रंग वेगळे आणि तिन्हींचे तुकडे एकमेकांत बसतात कारण कड एकच आहे. अर्थात टेबल काटकोनात असेल तरच, अर्धाइंच म्हणतात तसं, इथे तर जास्तच, कारण वरच्या आणि खालच्या फळीत फरक पडतो.

ही युक्ती आजची नाही. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल नावाचा कारागीर होता (१६४२ ते १७३२). तो पितळेचा पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ तक्ता एकत्र बांधून एकदम कापायचा. त्यातून दोन नक्ष्या निघत, एकीत कासवपाठीवर पितळ, दुसरीत पितळेवर कासवपाठ. दोन्ही वापरत, कपाटांची जोडी असली तर एकावर ही आणि दुसऱ्यावर ती. त्याच्याकडे वीज नव्हती. पूर्वीचे जडावकाम करणारे घोड्यासारख्या बाकावर बसून पायाने पकड आवळायचे आणि हाताने करवत आडवी चालवायचे. मी माझ्या मशीनसमोर बसते तेव्हा कितीदा तरी त्यांची आठवण होते.

तोटा एकच: रंग आधी दिला की कापलेली कड कोरी राहते, चित्रात फिकट रेघ दिसते. काहींना आवडते. मला आवडते, शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या रंगीत काचेसारखं दिसतं, फक्त रेघ काळी नाही, लाकडाची. आणि रंगावर थेट चिकटपट्टी लावाल तर सोलताना रंग घेऊन निघते, म्हणून पट्टी फक्त बाहेरच्या टाकाऊ कडेला.

करकर | बुधवार, रात्री ९:२०

सुरेख माहिती. मी मात्र कापून मग रंगवणारा. एकाच फळीचे तुकडे करायचे, प्रत्येकाची वरची कड गोलसर घासायची, मग रंग. कडेला रंग वरपासून खालपर्यंत लावायचा नाही. वरचे २ मिमी फक्त, तेही एकाच पातळ गडद हाताने. बाकी कड कोरी. डोळ्याला तेवढंच दिसतं, आणि गोंदाला खाली कोरं लाकूड मिळतं. तुकड्याच्या पाठीलाही रंग लागू देऊ नका.

तुकड्यांची पातळी वरखाली करायची असेल तर काहींच्या खाली २-३ मिमीचे प्लायचे कपटे लावा. खंड्याचा पंख शरीरापेक्षा ३ मिमी वर आणि चोच आणखी वर आली की संध्याकाळच्या तिरप्या उजेडात सावली पडते. त्या सावलीइतका चांगला काळा रंग डब्यात मिळत नाही.

निळापंख | गुरुवार, सकाळी ६:५८

सगळं दोनदा वाचलं. काल रात्री ठोकळ्याची परीक्षा केली. खाच पात्यावर वरून गेली आणि खाली घट्ट अडली. इतके महिने मी तिरक्या टेबलावर कापत होते! चार फेऱ्यांनी सरळ केलं. नवा खंड्या सुरू करतेय. शरीर एका फळीतून, पण पंखाची ९ पिसं लाकूडतोड्या दादांच्या बाणांप्रमाणे सुटी.

वरून फिनिश कुठलं? माझ्याकडे तेलाचं पॉलियुरेथेन आहे.

रंगछटा | गुरुवार, सकाळी ७:३०

ते नको! तेलाचं पिवळं पडतं, निळ्यावर पिवळा थर म्हणजे काही वर्षांत हिरवा खंड्या. पाण्याचं घ्या, मॅट. पहिला हात फवारून किंवा अगदी हलक्या ब्रशने, घासत बसलात तर खालचा रंग सुटून येतो. आणि भिंत अशी निवडा जिथे थेट ऊन येत नाही. विरघळणारे रंग उन्हात लवकर उडतात, रंगद्रव्याचे जास्त टिकतात. चित्रकारांच्या ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची श्रेणी लिहिलेली असते, ती बघून घ्या.

लाकूडतोड्या | गुरुवार, सकाळी ८:११

ऊन आमच्या नैसर्गिक रंगांनाही सोडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पडौकचा केशरी काही वर्षांत तपकिरी होतो. पर्पलहार्ट तर कापल्या कापल्या मळकट असतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं आणि पुढे तेही तपकिरीकडे जातं. मला ते बदलताना बघायला आवडतं, पण चित्र देताना समोरच्याला सांगून द्यावं.

नवखा७ | शुक्रवार, रात्री १०:४०

मशीन घ्यायचं ठरलं. फक्त एक विचारायचंय, पात्याला पिन असलेलं घ्यावं की बिनपिनचं?

करकर | शुक्रवार, रात्री १०:५५

बिनपिनचं. आतली नक्षी कापताना भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं. पिनवाल्याला ती पिन जाईल एवढं मोठं भोक लागतं, बिनपिनच्या बारीक पात्याला १ मिमीचं पुरतं. आणि बारीक नंबर बिनपिनमध्येच भरपूर मिळतात. लांबी नेहमीची १२७ मिमी. पहिल्या दिवशी चित्र कापू नका, एका फळीवर नुसत्या नागमोडी रेघा काढून तासभर कापा. पातं सरळ ढकललं तरी किंचित उजवीकडे ओढतं, कारण बहुतेक पात्यांच्या एका बाजूला बनवतानाच बारीक बूर (धातूची खरखरीत कड) राहतो. लाकूड थोडं तिरकं धरून ढकलायची सवय त्या तासात लागते.

नवखा७ | शुक्रवार, रात्री ११:०२

धन्यवाद काका!

निळापंख | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:२०

झाला!

४४ तुकडे, सहा पाती. एकही कड जळलेली नाही. पिसांचे सांधे कार्बन पेपर लावून घासले, दादा, दहा नाही मला पंचवीस मिनिटं लागली एकेकाला आणि पाचव्या पिसाला मी रडकुंडीला आले होते, पण सहावं पहिल्याच खेपेला बसलं. रंग कापल्यावर दिला, कडेला वरचे २ मिमीच. हिरवट निळ्याचे तीन पातळ हात सगळ्या पंखाला, मग एकाआड एक पिसाला गडद निळा. पाठीच्या पट्ट्याला फक्त एकच हात दिला आणि ओला असतानाच टिपला. पोटाला नारिंगी दिलाच नाही. लाकूडतोड्या दादांसाठी तिथे पडौक बसवलंय, कोरं. तपकिरी होईल तेव्हा होऊ दे.

पंखाखाली ३ मिमीचे कपटे आहेत. काल जागेवर टांगला आणि दारापासून चालत गेले. खरंच होतं तसं. दारात उभं राहिलं की तिसरं आणि सातवं पीस जवळजवळ काळं दिसतं, जवळ जाता जाता ती दोन्ही निळी होतात आणि शेजारची विझतात. मी सात-आठ वेळा मागेपुढे चालले. घरातले विचारत होते काय हरवलंय.

चोच अजून चिकटवलेली नाही. डावीकडे बघणारा खंड्या आहे आणि चोचीच्या टोकापाशी रेघ उभी जातेय, ती लांबीच्या दिशेने हवी होती. चोचीला अशी आडवी छेदणारी रेघ असली की टोक कधीही तुटेल असं वाटतंय. परत कापू का?

लाकूडतोड्या | रविवार, संध्याकाळी ६:४१

परत कापा. रेघ चोचीच्या लांबीनेच हवी, नाहीतर पहिल्यांदा पुसताना टोक हातात येईल. शिसवाचा तुकडा घ्या, रंगाची गरज पडणार नाही. आणि पडौकबद्दल काय लिहू, फार बरं वाटलं.

करकर | रविवार, संध्याकाळी ७:०५

शिसव घट्ट असतं, नवं ३ नंबर पातं लावा, वेग कमी ठेवा आणि पॅकिंगची पट्टी विसरू नका. टोकाकडून नाही, मानेकडून कापायला सुरुवात करा, म्हणजे टोक शेवटपर्यंत फळीला धरलेलं राहील.

निळापंख | रविवार, संध्याकाळी ७:०९

पातं चढवतेय.